गॅरेजमधलं बंदुकांचं दुकान

ताई, नमस्कार.

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. वय 44, काम सॉफ्टवेअरचं. तीन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड झालं. त्याच वर्षी एका सहकाऱ्याबरोबर शूटिंग रेंजवर गेलो आणि नादच लागला. आता घरी तीन बंदुका आहेत, सेफमध्ये. ऑनलाइन बंदूक घेतली की ती घरी येत नाही, लायसन्सवाल्या डीलरकडे येते आणि कागदपत्रं करून हातात द्यायचे तो दर वेळी 40 डॉलर घेतो. आमचा डीलर म्हणजे एक निवृत्त गृहस्थ, स्वतःच्या गॅरेजमधूनच सगळं चालवतात. ते बघून वाटलं, हे आपल्यालाही जमेल. फी तीन वर्षांची 200 डॉलर. मला माझ्या बंदुका होलसेल भावात पडतील, रेंजवरचे दहा-बारा जण गिऱ्हाईक होतील, आणि उद्या नोकरी गेलीच (ऑफिसात कपातीच्या दोन फेऱ्या झाल्यात) तर हाताशी काहीतरी असेल. आमचं घर एचओएमध्ये (घरमालकांच्या संघटनेत) आहे, तिथे विचारलेलं नाही. बायकोलाही अजून नीट सांगितलेलं नाही. मुलगी अकरा वर्षांची आहे. सासूबाई मार्चमध्ये सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतायत. सुरुवात कुठून करू?

— स. दे.


स. दे.,

पत्राचा मोठा भाग फी, भाव आणि गिऱ्हाइकांवर खर्च केलात, आणि एचओए, बायको, मुलगी, सासूबाई यांना शेवटी चार ओळींत बसवलंत. सुरुवात त्या चार ओळींपासूनच करायची आहे. पण तुम्ही विचारलंय लायसन्सचं, तर आधी तेच सांगते. मी कर आणि हिशेब बघणारी बाई. बंदूक चालवता येत नाही, पण बंदूकवाल्याची वही बघितलेली आहे.

लायसन्स मिळणं अवघड नाही, हे तुमचं म्हणणं खरं. एटीएफचा, म्हणजे बंदुकांचं बघणाऱ्या केंद्रीय खात्याचा, फॉर्म 7 भरायचा, बोटांचे ठसे, फोटो आणि 200 डॉलर जोडून पाठवायचा. त्याची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखांना किंवा शेरीफला द्यायची. ती फक्त माहितीसाठी असते, त्यांची परवानगी लागत नाही. तीन वर्षांनी नूतनीकरणाला 90 डॉलर. वय 21 पूर्ण हवं, अंगावर गुन्हा नको. ग्रीन कार्डवर असलात तरी चालतं. अर्ज पूर्ण असेल तर 60 दिवसांत निर्णय द्यायचा, असं कायदा म्हणतो. मधे एटीएफचा एक माणूस घरी येऊन तुमच्याशी बोलतो, जागा बघतो आणि धंदा कसा करणार ते विचारतो. टेक्सासात राज्याचं वेगळं डीलर लायसन्स नाही, विक्रीकराचा परवाना मात्र काढावा लागेल. तुम्ही न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असतात तर राज्याच्या कागदांसाठी वेगळं पत्र लिहावं लागलं असतं.

आपल्याकडे गावी बारा बोअरची एक बंदूक घरात ठेवायची तर कलेक्टर कचेरीच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि निवडणूक आली की तीच बंदूक पोलीस ठाण्यात कशी जमा करावी लागते, हे ज्यांनी बघितलंय त्यांना हे सगळं थट्टाच वाटतं. त्यातूनच गैरसमज होतो. दार उघडायला सोपं, म्हणजे आतलं घरही सोपंच असणार, असं वाटू लागतं.

आता तुमच्या होलसेल भावाबद्दल. हे वाक्य एटीएफच्या माणसापुढे बोललात तर तो चहा संपायच्या आत उठेल. लायसन्स आहे ते धंदा करणाऱ्यासाठी. स्वतःचा संग्रह स्वस्तात वाढवायला ते मिळत नाही. कायद्यात 1986 पासून 'उपजीविका आणि नफा' असे शब्द होते, 2022 च्या सुधारणेत त्याचं 'मुख्यतः नफा मिळवण्यासाठी' असं झालं. म्हणजे यावर घर चालत नसलं तरी हरकत नाही, पण हेतू नफ्याचा हवा आणि तो वागण्यातून दिसायला हवा. तुमचा खरा ओढा बंदुकांकडे आहे, विक्रीकडे नाही, असं मला पत्र वाचून वाटलं. तसं असेल तर संग्राहकाचं लायसन्स वेगळं मिळतं, तीन वर्षांना 30 डॉलर. पन्नास वर्षांहून जुन्या बंदुका त्यावर थेट घरी मागवता येतात. त्यावर धंदा करता येत नाही, पण दुकान मांडायची गरजही पडत नाही. नुसता नाद असेल तर तेवढ्याने भागतं का, हे एकदा स्वतःला विचारून बघा.

घरातून हा धंदा करणाऱ्यांना इथे 'किचन टेबल डीलर' म्हणायचे. एके काळी त्यांचं उदंड पीक होतं. डीलरची फी वर्षाला फक्त 10 डॉलर होती, आणि 1993 च्या सुमारास देशात 2 लाख 80 हजारांहून जास्त लायसन्सधारक होते. त्यातल्या पुष्कळांनी लायसन्स घेतलं होतं ते, तुमच्यासारखंच, स्वतःला स्वस्त पडावं म्हणून. मग 1993 च्या ब्रेडी कायद्याने, म्हणजे बंदूकविक्रीवरच्या एका केंद्रीय कायद्याने, फी वाढवली. पुढच्याच वर्षी ठसे आणि फोटो सक्तीचे झाले, आणि स्थानिक नियम पाळतो असं लिहून द्यावं लागू लागलं. काही वर्षांत हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. जे टिकले त्यांत तुमचे गॅरेजवाले गृहस्थ असतील, पण ते निवृत्त आहेत हे विसरू नका. अकरा वाजता पार्सल आलं तर ते घरी असतात. तुम्ही त्या वेळी स्टँडअप मीटिंगमध्ये असाल.

आता जागा. नियमांतलं एक कलम आधी वाचा: ज्या राहत्या घराचा कुठलाही भाग लोकांसाठी खुला नाही, ते घर धंद्याची जागा धरत नाहीत. म्हणजे घरातून धंदा करायचा तर घराचा एक तुकडा लोकांना उघडा करावा लागतो. फॉर्मवर वेळा लिहून द्याव्या लागतात, त्या वेळात गिऱ्हाईक येणार. वर्षातून एकदा एटीएफचा तपासनीस वॉरंटशिवाय येऊन माल आणि वही ताडून बघू शकतो. प्रत्यक्षात तो दर वर्षी येतोच असं नाही, पण येऊ शकतो. त्यामुळे घर आणि धंदा यांच्यामध्ये खरीखुरी भिंत हवी. गॅरेजला बाजूने स्वतंत्र दार असेल तर उत्तम. गिऱ्हाईक हॉलमधून, देवघरावरून, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला वळसा घालून जाणार असेल तर विचार सोडा.

आणखी एक गोष्ट, जी बायकोला तुमच्या तोंडून कळायला हवी, शेजारणीच्या नाही. एटीएफ सगळ्या लायसन्सधारकांची यादी आपल्या वेबसाइटवर टाकते, राज्यवार, धंद्याच्या पत्त्यासकट. तुमच्या घराचा पत्ता 'इथे बंदुका मिळतात' अशा यादीत जाहीर होणार. गिऱ्हाइकाला ती सोय आहे, आणि चोरालाही. बंदूक चोरीला गेली तर कळल्यापासून 48 तासांत एटीएफला आणि पोलिसांना कळवावं लागतं. डीलरने माल कसा कुलूपबंद ठेवावा याचा तपशीलवार केंद्रीय नियम नाही, गिऱ्हाइकाला विकायला कुलूप किंवा सेफ उपलब्ध ठेवा एवढंच तो सांगतो. म्हणून जो तो आपल्या अकलेने ठेवतो. तुमची अक्कल त्या सेफपुरती तरी चांगली दिसते. पण तीन बंदुकांचा सेफ आणि दुकानाचा माल, यांची तुलना होत नाही. घराचा साधा विमा धंद्याच्या मालाला लागू होईल असं धरून चालू नका. एजंटला फोन करा आणि 'होम बिझनेस' असं गोल-गोल न बोलता 'बंदुका' हा शब्द उच्चारा. उत्तर लेखी घ्या.

एचओएचं गणित वेगळं आहे. एटीएफला राज्याचे आणि शहराचे नियम लागतात, एचओएचे लागत नाहीत. शहराच्या झोनिंगमध्ये घरून धंदा चालतो का, गिऱ्हाईक आलेलं चालतं का, हे प्लॅनिंग खात्याकडून लेखी घ्या. फॉर्मवर तुम्ही लिहून देता की लायसन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत हे सगळं पाळलेलं असेल. एचओए म्हणजे तुम्ही घर घेताना केलेला करार. लायसन्स हातात पडल्यावर त्यांचं वकिलाचं पत्र आलं तर एटीएफ तुमच्या बाजूने उभी राहणार नाही. आमच्या एका ओळखीच्यांना तर ड्राइव्हवेवर दुसरी गाडी रात्रभर ठेवली म्हणून नोटीस आली होती. तुमच्याकडे शनिवारी पाच अनोळखी पिकअप ट्रक उभे राहणार. करारातली 'व्यवसाय' या शब्दाची कलमं आधी काढून वाचा. एचओएच्या मंडळाला विचारायचं ते त्यानंतर.

आता सासूबाई. हसू नका, सगळ्यात नाजूक मुद्दा हाच आहे. त्या व्हिजिटर व्हिसावर येणार. अमेरिकेच्या कायद्याने नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. तुम्ही ऑफिसात. कुरियरवाला दारात, मोठ्या माणसाची सही हवी म्हणतो. सासूबाई सही करतात, खोकं जड आहे म्हणून दोन्ही हातांनी आत आणतात आणि पटेल ब्रदर्स किराणा दुकानातून काही आलं असेल म्हणून ओट्यावर ठेवतात. संध्याकाळी विचारतात, यात पोळपाट आहे का हो? आत पिस्तूल. तो क्षण कायद्यात कसा मोजला जाईल यावर वकिलाकडे पैसे घालवण्यापेक्षा तो येऊच न देणं स्वस्त पडतं. पार्सल नेमक्या वेळेला येईल आणि तुम्हीच घ्याल अशी व्यवस्था हवी. सेफचा कोड त्यांना माहीत नको, किल्ली फ्रीजवरच्या वाटीत नको. मुलीबाबत तर हे सांगायलाच नको.

हाच नियम तुमच्या मित्रमंडळींना लागतो, आणि तिथे तुमची खरी परीक्षा आहे. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्यांतले निम्मे एच-वन-बीवर असतील. कोणीतरी प्रसादाचं ताट हातात घेऊन म्हणणारच, 'अरे, तू डीलर ना? माझ्यासाठी तुझ्या नावावर घेऊन ठेव की, रेंजवर वापरीन.' आपल्याकडे ओळखीत 'नाही' म्हणायला जीभ वळत नाही. इथे वळवावी लागेल. ज्याला बंदूक बाळगायला बंदी आहे त्याच्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं हा 2022 पासून थेट केंद्रीय गुन्हा आहे, शिक्षा 15 वर्षांपर्यंत. खरेदीच्या वेळी भरायच्या फॉर्म 4473 वर गिऱ्हाइकाला खरा खरेदीदार तूच का, हे लिहून द्यावं लागतं, आणि खोटं आहे हे माहीत असून तुम्ही विकलंत तर त्याच्याबरोबर तुम्हीही अडकता. बरं, शिकारीचा परवाना असलेल्या एच-वन-बीवाल्याला अपवाद आहे. म्हणजे नियम नुसता पाठ असून भागणार नाही, त्याचे अपवादही माहीत हवेत, आणि त्यांचे कागद तपासून फॉर्मला जोडायला हवेत.

आता वही. माझ्या विषयावर आले, थोडं सहन करा.

बंदूक आली की दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत वहीत यायला हवी: बनवणारा, मॉडेल, नंबर, कॅलिबर, कुठून आली. गेली की सात दिवसांत कुणाकडे गेली ते. दुकानातून स्वतःच्या संग्रहात घेतलीत तरी वहीत. गिऱ्हाईक 4473 भरतं, तुम्ही एफबीआयच्या निक्स यंत्रणेकडे (गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणारी) चौकशी करता. उत्तर 'द्या', 'देऊ नका' किंवा 'थांबा'. 'थांबा' आलं आणि तीन कामाच्या दिवसांत पुढे काही कळलं नाही तर कायदा तुम्हाला बंदूक देऊ देतो, पण द्याच असं म्हणत नाही. एकवीसच्या आतल्या गिऱ्हाइकासाठी ही मुदत लांबू शकते. एकाच माणसाने पाच सलग कामाच्या दिवसांत दोन पिस्तुलं घेतली तर त्याचा वेगळा रिपोर्ट. आणि हे फॉर्म तुम्ही धंदा बंद करेपर्यंत जपायचे. आधी वीस वर्षांची मुदत होती, 2022 मध्ये ती काढून टाकली.

एवढा आटापिटा का, तर अमेरिकेत बंदुकांच्या मालकांची एक केंद्रीय नोंदवही नाही. तशी करायला 1986 च्या कायद्याने बंदी आहे. गुन्ह्याच्या जागी बंदूक सापडली की वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या एटीएफ केंद्रातून फोनाफोनी सुरू होते: आधी कारखानदार, मग होलसेलर, मग डीलर. त्या साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे तुमच्या गॅरेजमधली वही. फोन आला की 24 तासांत उत्तर द्यावं लागतं. दिवाळीची रांगोळी चालू असली तरी. धंदा बंद केलात तर सगळ्या वह्या 30 दिवसांत त्याच केंद्राकडे पाठवायच्या, म्हणजे दुकान मेलं तरी वही जगते.

मी ज्याची वही बघितली तो सज्जन माणूस होता, लबाडी औषधालाही नव्हती. तपासणीत निघालं काय, तर एका नंबरात इंग्रजी 'बी'च्या जागी आठ लिहिलेला. कपाटात 'बी'वाली बंदूक, वहीत आठवाली. म्हणजे कागदावर एक बंदूक गायब आणि एक उपटसुंभ. पाच-सहा फॉर्मांवर गिऱ्हाइकांनी पत्त्यात काउंटी लिहिलीच नव्हती आणि याने तसेच घेतले होते. त्याला ताकीद मिळाली, लायसन्स वाचलं, पण महिनाभर त्याची झोप उडाली होती. जाणूनबुजून केलेल्या चुकीने लायसन्स जातं, आणि तीच चूक दुसऱ्यांदा झाली की 'जाणूनबुजून नव्हती' हे पटवणं कठीण होऊन बसतं. सरकारचं धोरण 2021 मध्ये कडक झालं, 2025 मध्ये ते मागे घेतलं, पुढे पुन्हा काय होईल कोण जाणे. वही मात्र तीच राहते. तुम्ही कोडमधला एक स्वल्पविराम शोधायला रात्र जागवणारे असाल तर या कामात तुम्हाला मजाही येईल. घरच्या वीजबिलाच्या पावत्या कुठे ठेवल्यात हे आत्ता सांगता येत नसेल तर मात्र पुढे जाऊ नका.

पैशाचं एक ढोबळ गणित करून बघा. आठवड्याला तीन ट्रान्सफर (दुसरीकडून आलेली बंदूक कागद करून हातात देणं), प्रत्येकी 40 डॉलर: वर्षाचे सहा हजारांच्या आसपास. त्यातून विमा, सेफ, अलार्म, सॉफ्टवेअर, कर वजा करा. एका ट्रान्सफरला फोन, कागद, थांबणं, गप्पा धरून तासभर कुठे जात नाही. रेंजवरचे दहा-बारा जण दर आठवड्याला तीन बंदुका घेतील का, हे त्यांच्या बायकांना विचारा. क्रेडिट कार्डसाठीही आधी चौकशी करा. पेपॅल बंदुकांचे व्यवहार घेत नाही, आणि बाकीच्या पुष्कळांच्या अटी बारीक अक्षरांत असतात. जोडधंदा म्हणून ठीक आहे. नोकरी गेल्यावर घराचा हप्ता यातून निघेल असं समजत असाल तर तो हिशेब आजच पुसून टाका.

शेवटची एक गोष्ट मी कुठल्याही नियमाखाली बसवू शकत नाही. 2009 साली न्यू हॅम्पशायरमध्ये एका आठवड्याच्या आत तिघांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांतच स्वतःचा जीव घेतला. तिघांचेही कागद स्वच्छ होते. त्यातून पुढे तिथल्या दुकानदारांनी आणि आरोग्यवाल्यांनी मिळून एक उपक्रम उभा केला: गिऱ्हाइकाच्या वागण्यात काय बघायचं आणि 'आज नाही' कसं म्हणायचं. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. डीलरला विक्री नाकारता येते. पण त्यासाठी समोरच्याकडे बघावं लागतं, आणि रेंजवरचा एखादा मित्र, ज्याची नुकतीच नोकरी गेली आहे, शनिवारी सकाळी उगाच घाईत आला तर त्याला चहा देऊन बसवून ठेवायची तयारी लागते. तुमची आहे का, हे फॉर्म 7 वर कुठे विचारत नाहीत.

तर क्रम असा धरा. या शनिवारी बायकोशी बोला, तेही 'मी ठरवलंय' असं नाही, पत्ता यादीत जाईल यासकट सगळं सांगून. ती नाही म्हणाली तर संग्राहकाच्या लायसन्सचं बोला, तिथे कदाचित जमेल. हो म्हणाली तर एचओएची कलमं, शहराचं लेखी उत्तर, विमा एजंट, आणि मग फॉर्म. घाई करून सासूबाईंच्या मुक्कामात दुकान मांडू नका, त्या सप्टेंबरात परत जातील तोवर थांबा. तोवर त्या निवृत्त गृहस्थांकडे शनिवारी जाऊन बसा आणि वही कशी लिहितात ते बघा, त्यांना आवडेल.

आणि सासूबाईंना सोडायला किंवा दिवाळीला तुम्ही भारतात जाल तेव्हा रेंजला नेता ती बॅग सामानासाठी वापरू नका. अस्तराच्या घडीत अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर निघालं की आर्म्स ॲक्ट लागतो, आणि तिथे तुमचं अमेरिकेचं लायसन्स कोणी वाचणार नाही. नवी बॅग घ्या.

— ताई